कचरा नाही, माल लिहा!

लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी आधी त्यांच्या ताटाकडे बघते. जेवण चालू असेल तर "प्रायव्हेट कंपनीत आहे" एवढंच सांगते. जेवण उरकलं असेल तर खरं सांगते. म्हणजे असं की, अकोल्याच्या एमआयडीसीत आमची शेड आहे. तिथे शहराचा सुका कचरा येतो, आम्ही तो निवडतो आणि पुढे कारखान्यांना पाठवतो. अमरावतीला ओल्या कचऱ्यापासून गॅस करतो. हंगाम संपला की शेतातली कापसाची पराटी आणून तिच्या जळणाच्या कांड्या करतो. आणि उरलेली, जी कामं दुसरं कोणीच करत नाही, त्या सगळ्यांना आम्ही 'स्पेशल सर्व्हिस' म्हणतो!

एवढं ऐकलं की बाई खुर्ची चार बोटं मागे सरकवतात. आणि पाचव्या मिनिटाला तीच खुर्ची पुढे ओढून विचारतात, "मग काय काय सापडतं हो तुम्हाला?"

आता हे काय एका चहात सांगून होतं? नऊ वर्षं झाली मला इथे. दुपारी डबे उघडले की कोणीतरी म्हणतं, "मॅडम, ते आठवते काय?" आणि किस्सा सुरू व्हायच्या आधीच सगळे हसायला लागतात. हे किस्से कोणी जमवले नाहीत. ते आपसूक येऊन पडले, एकावर एक. त्यातले थोडे सांगते.

जेवण झालंय ना तुमचं?

*

सुरुवात घरापासूनच करते.

मी नोकरीला लागले तेव्हा सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं, "आमची सून पर्यावरणात आहे." ऐकणाऱ्याला वाटायचं मी मोठी सरकारी अधिकारी वगैरे असणार. सासूबाई ते वाटू द्यायच्या. कचरा हा शब्द घरात निघाला की त्या विषय बदलायच्या.

एकदा त्या डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. दवाखाना आमच्या शेडच्या रस्त्यावरच. परत येताना रिक्षा मिळेना म्हणून त्या नाइलाजाने शेडवर आल्या. मी फोनवर होते. त्यांना खुर्ची दिली आणि मी कामात गुंतले.

अर्ध्या तासाने बघते तर खुर्ची रिकामी! सासूबाई पट्ट्याजवळ उभ्या होत्या. हा पट्टा म्हणजे सरकता रबरी पट्टा. त्यावरून कचरा पुढे जातो आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बाया प्लॅस्टिक, कागद, काच, पत्रा वेगवेगळं काढतात. सगळ्यांत पुढे वच्छलाबाई तायडे. आमच्या शेडमधल्या सर्वांत जुन्या. पंचावन्नच्या घरात वय, हातात जाड मोजे. सासूबाई त्यांच्याशी बोलत होत्या. वच्छलाबाईंनी मोजे काढून हात दाखवला. काचेने कापल्याच्या जुन्या खुणा होत्या तळहातावर. सासूबाई त्या खुणांकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरात तीन बादल्या! ओला, सुका आणि काच. संध्याकाळी मी दारातून आत येते तोच त्यांचा आवाज. सासऱ्यांना झापत होत्या, "फुटलेला ग्लास सुक्यात कोणी टाकला? तिथं वच्छलाबाईचे हात असतात!"

पुढच्या महिन्यात पाहुणे आले. त्यांनी विचारलं, "सून कुठे असते?"

सासूबाई ताठ बसल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कचऱ्यात!"

*

अमरावतीला मुलींच्या एका वसतिगृहामागे आमचा गॅसचा प्लांट आहे. भाजीबाजारातला खराब माल, मेसचं उरलेलं अन्न हे सगळं एका बंद टाकीत जातं, आतल्या आत कुजतं आणि गॅस तयार होतो. तो पाइपने सरळ वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. कागदावर सोपं आहे!

कागदावर नव्हता तो तिथला आचारी. त्याला सगळे बंडूमहाराज म्हणतात. शेगडी लावून झाली, ज्योत निळीशार पेटली, आमचे मालक धोटे साहेब खूश. आणि बंडूमहाराज हात बांधून उभे.

"मी यावर सैपाक करत नसतो."

"कावून?"

"साहेब, सडक्या भाजीचा गॅस आहे हा. वरण शिजवलं तं वरणाले वास येईन. पोरी मले शिव्या देतीन."

धोटे साहेबांनी समजावलं, प्लांट सांभाळणाऱ्या गजूभाऊंनी समजावलं, मीही समजावलं. महाराज ऐकेनात. शेवटी गजूभाऊ म्हणाले, "महाराज, एक काम करू. दोन्ही शेगड्यांवर चहा ठेवतो. तुमी बाहेर थांबा. कोणता चहा कचऱ्याचा, ते तुमी फक्त वासावरून सांगा. वळखला तं आमी उद्याच पाइप काढतो."

महाराजांना पैज आवडली. आम्ही एक चहा सिलिंडरच्या गॅसवर केला, एक आमच्या. दोन कप त्यांच्यासमोर ठेवले. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बाया गोळा झाल्या. महाराजांनी डोळे मिटले. पहिला कप हुंगला. दुसरा हुंगला. पुन्हा पहिला. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून तो कप लांब सरकवला.

"हा! हा सडका! पिववत नाई!"

गजूभाऊंनी हात जोडले. "महाराज, हा सिलिंडरचा."

बंडूमहाराजांनी दोन मिनिटं विचार केला. मग म्हणाले, "म्हंजे आजपावेतो मी सडक्याच गॅसवर करून राहिलो होतो? बदला आजच्या आज!"

*

तीच टाकी एकदा आजारी पडली.

गजूभाऊ त्या टाकीला यंत्र म्हणत नाहीत. "आज पोट हलकं आहे," "आज भूक नाई त्याले," असं बोलतात. एक मंगल कार्यालयवाला बुरशी लागलेल्या लिंबाच्या लोणच्याचे सात-आठ डबे टाकून गेला आणि गजूभाऊंनी एका दिवसात सगळं टाकीत घातलं. तिसऱ्या दिवशी गॅस बंद. बंडूमहाराज कढई हातात घेऊन प्लांटवर हजर. आता ते आमचे सगळ्यांत मोठे समर्थक!

आम्ही पुण्याच्या इंजिनियरला फोन लावला. मी स्पीकर चालू केला.

"पीएच किती आहे?" इंजिनियरने विचारलं.

"साहेब, आंबट झालं आहे," गजूभाऊ.

"हो, पण किती आंबट?"

"आता ते काई मी चाखून नाई पाहिलं!"

इंजिनियर बिचारा चांगला माणूस. पट्टी कशी बुडवायची, रंग कसा जुळवायचा ते त्याने शांतपणे सांगितलं. मग म्हणाला, दोन दिवस आत काहीही घालू नका, तिसऱ्या दिवशी चुन्याची निवळी आणि ताजं शेण द्या. गजूभाऊंनी रजिस्टरमध्ये नोंद केली, "दोन दिवस उपास." आणि टाकीच्या झाकणावर खडूने लिहून ठेवलं, "आज उपास आहे."

दुसऱ्या दिवशी नेमकी चतुर्थी होती. दुपारी बंडूमहाराज एक मोठं पातेलं घेऊन आले. आत मुलींची उरलेली साबुदाण्याची खिचडी.

"गजूभाऊ," त्यांनी हळूच विचारलं, "हे तं चालते ना त्याले?"

*

पराटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहतात ती झाडं. पूर्वी लोक ती बांधावर पेटवून द्यायचे. आता आम्ही ती नेतो, बारीक करतो आणि दाबून कांड्या करतो. त्या कारखान्यांच्या भट्टीत कोळशाच्या जागी जातात.

पहिल्याच वर्षी मी दर्यापूरकडे गेले होते. सोबत आमचे ड्रायव्हर रहीमभाई. शेत एका काकूंचं होतं, सुमनकाकू. मालकीणही त्याच, मुकादमही त्याच. पराटी गाडीत भरून झाली. मी छापील पावती फाडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पावती मोठ्याने वाचली.

"शेतीचा... कचरा... एक गाडी."

मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बाई, कचरा कोणाले म्हणता?"

मी म्हटलं, "काकू, ते नुसतं छापलेलं आहे."

"छापलेलं आहे म्हणून म्हणाव काय? निंदली मी तिले. फवारलं. डवरे दिले. कापूस दिला तिनं मले, चार वेचे दिले. आता उभी वाळली तं कचरा झाली? कचरा तुमच्या शहरात होते बाई. आमच्या इथं माल होते. रहीमभाऊ, उतरवा गाडी!"

रहीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. दोन तास लागले होते गाडी भरायला! मी पेन काढला, 'कचरा' खोडलं आणि वर 'माल' लिहिलं. काकूंनी ते पुन्हा वाचलं. मग आम्हाला घरी नेलं आणि ज्वारीची भाकर, ठेचा, दही असं जेवू घातलं की परतीच्या वाटेत रहीमभाई स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होते.

ही गोष्ट मी धोटे साहेबांना हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत. त्याच आठवड्यात नवीन पावती पुस्तकं छापून आली. त्यांत कचरा हा शब्द कुठेच नाही.

जुनी पुस्तकं कुठे गेली म्हणता? पट्ट्यावर! वच्छलाबाईंनी कागदाच्या पोत्यात टाकली.

*

मे महिना. अकोल्याचा मे महिना म्हणजे काय ते मी सांगायला नको. दुपारी फोन आला. एका बाईंचा आवाज, रडवेला.

"मॅडम, बाबांचं कानाचं मशीन कचऱ्यात गेलं हो!"

सासरे होते त्यांचे. मिक्सरच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून बाबांनी ते कानातून काढलं, कागदी रुमालात गुंडाळलं आणि ताटाशेजारी ठेवलं. सूनबाईंनी ताट उचललं, रुमाल डब्यात. डबा घंटागाडीत आणि घंटागाडी आमच्या शेडमध्ये. मशीन केवढं? चिंचोक्याएवढं!

मी शेडमध्ये गेले तेव्हा त्या भागाची गाडी रिकामी होऊन ढीग जमिनीवर पडलेला. माझ्या कमरेपेक्षा उंच. मी हताश होऊन सांगितलं, "अशक्य आहे. मी त्यांना तसं कळवते."

वच्छलाबाई म्हणाल्या, "थांबा मॅडम. चालू होतं का बंद होतं ते?"

मी फोन करून विचारलं. चालूच होतं.

"मंग भेटते. माहा सासरा बी लावे. मुठीत धरलं का शिट्टी मारते ते." त्यांनी वळून आवाज दिला, "पट्टा बंद करा! पंखे बी!"

अकोल्यात, मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पत्र्याच्या शेडमध्ये पंखे बंद! एकही बाई कुरकुरली नाही. अठरा बाया. या बाया पट्ट्याच्या खडखडाटावरून बोलतात, जेवताना बोलतात, मोजे घालताना बोलतात. त्या सगळ्या एकदम गप्प झाल्या. नऊ वर्षांत मी ती शेड तेवढी शांत कधी ऐकली नाही. घाम टपकत होता. बाहेर कुठेतरी एक ट्रक गेला. मग पुन्हा शांतता.

वच्छलाबाई ढिगावर वाकल्या. एकेक पिशवी उचलायच्या, कानाशी धरायच्या, बाजूला ठेवायच्या. बाकीच्याही तसंच करू लागल्या. वीस मिनिटं झाली असतील. आणि एका कोपऱ्यातून, डासासारखी बारीक, "ईंऽऽऽ".

फरसाणाच्या रिकाम्या पाकिटात रुमाल, रुमालात मशीन!

अर्ध्या तासात आजोबा स्वतः रिक्षाने आले, सोबत सूनबाई. मशीन आम्ही पुसून, कापसात ठेवून तयार ठेवलं होतं. आजोबांनी ते कानात घातलं. सगळ्या बायांना हात जोडले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "बायांनो, नातवाचा आवाज ऐकतो मी यानं. तुमचे लय उपकार झाले."

झालं! अठरा बायांची वीस मिनिटं दाबून धरलेली तोंडं एकदम सुटली. "बाबा, संभाळून ठेवजा!" "दोरी बांधा त्याले!" "माह्या सासऱ्याचं..." पट्टा चालू, पंखे चालू, बाया चालू!

आजोबांनी दोन मिनिटं हसऱ्या चेहऱ्याने ऐकलं. मग हळूच कानातलं मशीन काढलं आणि खिशातून कागदी रुमाल काढून त्यात गुंडाळायला लागले.

"बाबा!" सूनबाई ओरडल्या. "रुमालात नका ना ठेवू!"

बाबांना ते ऐकूच आलं नाही.

*

धारणीच्या बाजूला एका आश्रमशाळेत बिघडलेले सौर कंदील पडून आहेत, ते घेऊन जा, असा निरोप होता. बॅटऱ्या उघड्यावर पडू नयेत म्हणून आम्ही अशा वस्तू गोळा करतो. धोटे साहेबांनी रहीमभाईंना मोठी गाडी दिली, बॅटऱ्या सोडवायला गजूभाऊ, कागदपत्रांसाठी मी. घाटातला रस्ता असा की पोहोचेपर्यंत आम्हीच बिघडलो होतो!

शाळेत बाईंनी एक खोली उघडून दाखवली. चाळीसेक कंदील एकावर एक. वस्तीवरून लोकांनी आणून टाकलेले. एक म्हातारे आजोबा आपला कंदील स्वतः घेऊन आले होते आणि तो खाली ठेवायला तयार नव्हते. शाळेच्या बाईंनी त्यांच्या भाषेतलं बोलणं आम्हाला समजावून सांगितलं. ते म्हणत होते, "नेणार असाल तर न्या, पण आधी उघडून दाखवा. हा मेला कशाने ते मला कळू द्या."

गजूभाऊंना नाही म्हणता येईना. त्यांनी कंदील उघडला. आत एक वायर सुटलेली. बास, एवढंच! त्यांनी ती जोडली, काच पुसली, उन्हात ठेवला. तासाभराने बटन दाबलं आणि कंदील लागला. आजोबांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि चेहऱ्याजवळ नेला.

मग गजूभाऊंनी दुसरा उघडला. मग तिसरा. कुणाची वायर, कुणाचं बटन, एकाच्या आत तर मुंग्यांचं वारूळ! लोकांना कळलं तसे लोक येत गेले आणि कंदील घेऊन जात राहिले. रहीमभाई पान्हे-पेचकस देत होते. मी सोललेल्या वायरी धरून बसले होते. शाळेच्या बाईंनी आम्हाला वरणभात वाढला, तोही गजूभाऊंनी एका हाताने खाल्ला.

संध्याकाळी खरोखरच मेलेले नऊ कंदील उरले. एवढ्या मोठ्या ट्रकमध्ये नऊ कंदील! घाट उतरताना ते मागे इकडून तिकडे गडगडत होते.

धोटे साहेबांनी ट्रकमध्ये डोकावून बघितलं. मग आमच्या तिघांकडे.

"मी तुमाले भंगार आणाले पाठवलं होतं," ते म्हणाले. "तुमी तं भंगारच संपवून आले!"

पुढच्या महिन्यापासून त्या भागात गाडी जाते तेव्हा धोटे साहेब स्वतः आठवण करतात, "गजू, सोल्डरिंग घेतलं ना?"

*

हा किस्सा हसायचा नाही, पण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

शेडच्या मागे एक बंद टाकं आहे. पावसाळ्यात कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी त्यात जमा होतं. त्या दिवशी झाकण उघडं होतं, पंप लावायचा होता. मी वाकून पातळी बघत होते आणि जॅकेटच्या वरच्या खिशातून मोबाईल सटकला. आत पडला. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. मोबाईल कडेच्या कोरड्या पायरीवर पडलेला, स्क्रीन चालू, मला दिसत होता! लोखंडी शिडी होतीच. मी पाय टाकला. एक पायरी, दुसरी.

मागून कोणीतरी जॅकेटची कॉलर धरून मला असं ओढलं की मी पाठीवर आपटले. जॅकेटची चेन फाटली. वच्छलाबाई होत्या.

"मरायचं आहे काय तुले?"

नऊ वर्षांत त्या मला पहिल्यांदाच 'तुले' म्हणाल्या. बाया बघत होत्या, रहीमभाई बघत होते. मी त्यांची साहेब! रागाने माझे कान तापले. मी म्हटलं, "वच्छलाबाई, दोन पायऱ्या होत्या फक्त! वास तरी येतोय का तिथे?"

रहीमभाईंनी गाडीतून विषारी गॅस मोजायचं यंत्र आणलं. दोरीला बांधून टाक्यात सोडलं. माझ्या मोबाईलच्या पायरीपर्यंतही ते पोहोचलं नसेल, तोच त्याचा भोंगा सुरू झाला. वर ओढेपर्यंत थांबला नाही.

वच्छलाबाई झाकणाच्या कडेला बसल्या.

"माहा भाऊ असाच उतरला होता," त्या म्हणाल्या. "मोबाईल नोयते तवा. बादली पडली होती. त्याले बी वास नोयता आला."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. संध्याकाळी मी आईला उगाचच फोन लावला. त्या टाक्याला आता कुलूप आहे. किल्ली वच्छलाबाईंकडे असते. मलासुद्धा मागावी लागते, आणि त्या मला दहा प्रश्न विचारून मगच देतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं जॅकेट टेबलावर घडी करून ठेवलेलं. नवी चेन लावलेली, हाताने शिवून. वच्छलाबाई दारात उभ्या.

"मॅडम, काल लय जोरात ओढलं मी. माफ करजा."

माफी त्यांनी मागितली! माझ्याकडे!

*

आमच्या एका गाडीवर कागद फाडायची मोठी मशीन बसवलेली आहे. ज्या कार्यालयांचे जुने कागद नष्ट करायचे असतात, त्यांच्या आवारात ही गाडी उभी राहते. कागदाचा भुगा होतो, तो पुढे लगद्यासाठी कागद कारखान्यात जातो. नियम असा की शेवटचं पान फाटेपर्यंत त्या कार्यालयाचा एक जबाबदार माणूस तिथे उभा पाहिजे, आणि मग त्याची सही.

अमरावतीच्या एका जुन्या शिक्षण संस्थेने यासाठी त्यांचे मुख्य लिपिक पाठवले. राऊतबाबू. बारीक अंगाचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्याच महिन्याच्या शेवटी निवृत्त होणार होते. आम्ही खुर्ची दिली तर बसले नाहीत. प्रत्येक गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचायचे, "हं, जाऊ द्या," म्हणायचे आणि गठ्ठा रहीमभाईंकडे द्यायचे. चहा दिला की दर वेळी "धन्यवाद मॅडम." एवढंच काय ते बोलणं.

दुपारपर्यंत निम्मी पोती झाली. मग एक फाईल आली, तिच्यावर लिहिलेलं 'रजा अर्ज'. राऊतबाबूंनी ती उघडली, सहज चार पानं उलटली आणि एका पानावर थांबले. मला वाटलं, ठेवून घ्यायचा काहीतरी कागद असेल. मी जवळ गेले.

पिवळा पडलेला कागद, वर तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची तारीख. नवख्या, वळणदार अक्षरातला अर्ज. वडिलांची प्रकृती अत्यवस्थ असल्यामुळे चार दिवसांची रजा मिळावी. खाली सही, ना. बा. राऊत, कनिष्ठ लिपिक. आणि त्या सगळ्यावरून तिरपं, लाल शाईत, दुसऱ्याच कोणाच्या तरी अक्षरात: "नामंजूर. तपासणी आहे."

"रहीमभाई," राऊतबाबू म्हणाले, "मशीन दोन मिनिटं थांबवता?"

रहीमभाईंनी मशीन थांबवली. राऊतबाबूंनी कागद खुर्चीच्या पाठीवर टेकवला. खिशाचं पेन काढलं. 'नामंजूर' मधल्या 'ना' वर एक सरळ रेघ मारली. खाली सही केली, सहीखाली 'मुख्य लिपिक' असं लिहिलं. पेनाला टोपण लावलं.

"करा चालू."

तो कागद त्यांनी स्वतःच्या हाताने मशीनमध्ये सोडला. तो पूर्ण आत जाईपर्यंत उभे राहिले. मग खुर्चीखालची पिशवी उचलली.

मी म्हटलं, "राऊतबाबू, अजून बरीच पोती राहिलीत!"

"हो मॅडम. ठेवून द्या." त्यांनी घड्याळ बघितलं. "मी जरा गावी जाऊन येतो. तिवश्याची गाडी आहे आता."

आणि फाटकातून बाहेर पडले.

मी रहीमभाईंकडे बघितलं. त्यांनी मशीनची किल्ली फिरवली, काढली आणि खिशात ठेवली. "रखने दो मॅडम," ते म्हणाले. "साहेब रजेवर हायेत."

ती पोती आम्ही तशीच ठेवली. पाचव्या दिवशी सकाळी बरोबर दहा वाजता राऊतबाबू फाटकात हजर. तसाच इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन.

डोक्यावरचे केस काढलेले.

"नमस्कार मॅडम," ते म्हणाले. "कुठपर्यंत आलो होतो आपण?"